टक्करीत संवेग टिकतो, गतिज ऊर्जा का टिकत नाही?

प्रश्न असा आहे: दोन वस्तू आदळून एकमेकींना चिकटल्या तर गतिज ऊर्जा (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मी) कमी होते, पण एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट) तेवढाच राहतो, असं पुस्तकात दिलेलं असतं. वस्तू त्याच, टक्कर तीच, मग एक राशी टिकते आणि दुसरी का टिकत नाही? भिंतीवर आपटलेल्या चेंडूचा संवेग तर चक्क उलटा होतो, तिथे संवेग टिकतो हा अक्षय्यतेचा सिद्धांत कुठे जातो? आणि गणित सोडवताना संवेगाचं समीकरण कधी मांडायचं, ऊर्जेचं कधी?

बरीच वर्षं हा विषय शिकवताना माझं एक मत पक्कं झालं आहे. टक्करी समजत नाहीत त्या सूत्रं कमी पडल्यामुळे नव्हे. कोणत्या वस्तूंचा हिशेब करतोय आणि तो कुठे उभं राहून करतोय, हे न ठरवताच आपण आकडे घालायला लागतो. हे दोन निर्णय आधी घेतले तर वरचे तिन्ही प्रश्न सुटतात.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर फार सुंदर आहे आणि ते क्वचितच सांगितलं जातं.

दोन वस्तू एकमेकींना टेकलेल्या असतात तेवढ्या क्षणभरात पहिली दुसरीला ढकलते आणि दुसरी पहिलीला. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार ही बलं दर क्षणी समान आणि विरुद्ध असतात. आता बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल. पहिलीने दुसरीला जितका वेळ स्पर्श केला तितकाच वेळ दुसरीने पहिलीला केला, यात पर्यायच नाही. बल समान, वेळ समान, दिशा उलट. म्हणून एकीने गमावलेला संवेग दुसरीला नेमका तेवढाच मिळतो. वस्तू पोलादाच्या असोत की ओल्या मातीच्या, त्याने काही फरक पडत नाही.

ऊर्जेसाठी मात्र बल गुणिले अंतर लागतं. आणि अंतर दोघींचं समान नसतं. मागून येणारी वस्तू पुढच्या वस्तूवर दाबली जाते तेव्हा दोघींचे पृष्ठभाग चेपतात आणि दोघींची केंद्रं एकमेकींच्या जवळ येतात. म्हणजे त्या इवल्याशा अवधीत मागच्या वस्तूचं केंद्र पुढच्या वस्तूच्या केंद्रापेक्षा जास्त सरकलेलं असतं. त्यामुळे मागचीकडून काढून घेतलेली ऊर्जा पुढचीला मिळालेल्या ऊर्जेपेक्षा जास्त भरते. हा जास्तीचा फरक चेपलेल्या भागात जातो. तो भाग स्प्रिंगसारखा असेल तर परत फुलताना ती ऊर्जा गतीत परत येते आणि मातीसारखा असेल तर उष्णता होऊन तिथेच राहते. दोघींना सामाईक आहे ती वेळ, अंतर नव्हे. संवेग आणि ऊर्जा यांच्या वागण्यातला सगळा फरक इथून निघतो.

यातून एक गोष्ट आपोआप कळते, जी ऐकून विद्यार्थी हमखास थांबतात. पूर्ण स्थितिस्थापक टक्करीतसुद्धा, म्हणजे जिच्या शेवटी सगळी गतिज ऊर्जा परत मिळते तिच्यातही, मधल्या क्षणी गतिज ऊर्जा कमी झालेली असते. चेपणं सर्वांत जास्त असतं त्या क्षणी दोन्ही वस्तू एकाच वेगाने चाललेल्या असतात, अगदी चिकटल्यासारख्या. म्हणजे चिकटणारी टक्कर आणि उसळणारी टक्कर अर्ध्या वाटेपर्यंत सारखीच गतिज ऊर्जा गमावत जातात. पुढच्या अर्ध्यात एक परत फुलते, दुसरी फुलत नाही.

आता भिंतीचा चेंडू. ०.२ किलोग्रॅमचा चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ भिंतीवर आपटला आणि ७ मीटर वेगाने परत आला असं धरू. (यापुढे संवेग किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद आणि ऊर्जा ज्यूलमध्ये आहे, दर वेळी एकक लिहीत बसत नाही.) जाताना संवेग अधिक २, येताना उणे १.४, बदल ३.४. इथे ३ गुणिले ०.२ करून ०.६ लिहिणारे खूप भेटतात. दिशा उलटली की वेगांची वजाबाकी होत नाही, बेरीज होते. उसळून परत येणारी वस्तू चिकटून थांबणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त धक्का देते, तो यामुळेच.

हा ३.४ संवेग कुठे गेला? भिंतीला, आणि भिंत जमिनीत रोवलेली असल्यामुळे पृथ्वीला. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ × १०^२४ किलोग्रॅम आहे, म्हणजे तिला मिळालेला वेग सेकंदाला साधारण ५.७ × १०^−२५ मीटर. मोजणं अशक्य, पण संवेग पूर्ण ३.४. आता तिला मिळालेली गतिज ऊर्जा काढा: संवेगाचा वर्ग भागिले दुप्पट वस्तुमान, म्हणजे सुमारे १०^−२४ ज्यूल. चेंडूने ५.१ ज्यूल गमावले आहेत आणि पृथ्वीच्या वाट्याला त्यातलं जवळजवळ शून्य आलं, बाकी सगळं चेंडू आणि भिंतीच्या चेपण्यात, उष्णतेत आणि थोडं आवाजात गेलं. भलं मोठं वस्तुमान संवेग कितीही गिळतं पण ऊर्जा घेत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

म्हणजे भिंतीच्या बाबतीत सिद्धांत मोडला नाही. आपण हिशेबात एकटा चेंडू घेतला आणि त्याच्यावर बाहेरून, भिंतीकडून, मोठं बल लागत होतं. संवेगाची अक्षय्यता एकट्या वस्तूची नसतेच. ज्या वस्तूंचा समूह आपण निवडला, त्याच्यावर बाहेरचं असंतुलित बल नसेल तर त्या समूहाचा एकूण संवेग टिकतो. गणिताच्या कागदावर पहिली रेघ समीकरणाची ओढू नका, या समूहाभोवतीची ओढा.

दिशेचं महत्त्व कळायला इतिहासातल्या मोठ्या माणसांनाही वेळ लागला. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ साली मांडलं की जगातलं गतीचं एकूण प्रमाण कायम राहतं आणि ते म्हणजे वस्तूचा आकार गुणिले चाल. कल्पना विलक्षण होती, पण त्यात दिशा नव्हती, म्हणून त्याचे टक्करींचे बहुतेक नियम चुकले. एकेक किलोग्रॅमचे मातीचे दोन गोळे सेकंदाला ३ मीटर वेगाने समोरासमोर आदळून जागीच थांबले, तर देकार्तच्या हिशेबाने ६ चे शून्य झाले. दिशा धरली तर आधी अधिक ३ आणि उणे ३, म्हणजे शून्य, आणि नंतरही शून्य. काहीच हरवलं नाही. ऊर्जेला मात्र दिशा नाही, ती ९ ज्यूल होती आणि सगळीच्या सगळी उष्णतेत वगैरे गेली.

१६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टक्करींचा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला. वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघांकडून उत्तरं आली. त्यांतली हायगेन्सची युक्ती मला आजही शिकवण्याच्या दृष्टीने अजोड वाटते. समजा एक नाव काठाच्या कडेने सरळ चालली आहे आणि नावेतला माणूस दोन सारखे कठीण गोळे समान वेगाने समोरासमोर आदळवतो. दोन्ही त्याच वेगाने मागे उसळणार, कारण दोघांमध्ये डावं-उजवं करण्यासारखं काहीच नाही. आता नावेचा वेग नेमका गोळ्याच्या वेगाइतका असेल तर काठावरच्या माणसाला काय दिसेल? एक गोळा स्थिर, दुसरा दुप्पट वेगाने येतोय. टक्करीनंतर येणारा थांबला आणि स्थिर होता तो दुप्पट वेगाने निघाला. एकही नवं सूत्र न वापरता स्थिर गोळ्यावरच्या टक्करीचं उत्तर मिळालं, फक्त पाहणारा काठावर नेऊन.

हीच युक्ती कोणत्याही वस्तुमानांना लागू करता येते, आणि माझ्या मते टक्करी शिकवण्याची हीच खरी वाट आहे. नाव कोणत्या वेगाने चालवायची एवढंच ठरवायचं. ती दोन वस्तूंच्या वस्तुमान केंद्राच्या वेगाने चालवा, म्हणजे एकूण संवेग भागिले एकूण वस्तुमान इतक्या वेगाने. तिथून पाहिलं की दोघींचे संवेग समान आणि विरुद्ध दिसतात, बेरीज शून्य.

एक उदाहरण पूर्ण करू. २ किलोग्रॅमची गाडी सेकंदाला ६ मीटर वेगाने येऊन १ किलोग्रॅमच्या स्थिर गाडीवर सरळ रेषेत आदळते. एकूण संवेग १२, एकूण वस्तुमान ३, म्हणून केंद्राचा वेग ४. केंद्राबरोबर चालत पाहिलं तर मोठी गाडी अधिक २ वेगाने येते आणि लहान उणे ४ वेगाने. संवेग अधिक ४ आणि उणे ४. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असेल तर दोघींचे वेग फक्त उलटतात: उणे २ आणि अधिक ४. जमिनीवर परत या, म्हणजे दोन्हींत ४ मिळवा: मोठी २ ने, लहान ८ ने. पडताळा घ्या: संवेग ४ अधिक ८, बारा. ऊर्जा आधी ३६, नंतर ४ अधिक ३२, छत्तीस. वर्गसमीकरण सोडवावं लागलं नाही. गाड्या चिकटल्या तर केंद्रापाशी दोघी स्थिर, म्हणजे जमिनीवरून दोघींचा वेग ४, ऊर्जा २४. बारा ज्यूल गेले.

हे २४ आणि १२ नीट पाहा. ३६ ज्यूलचे हे दोन भाग टक्करीच्या आधीपासून होते. २४ ज्यूल वस्तुमान केंद्राच्या पुढे जाण्याचे आहेत आणि १२ ज्यूल दोन गाड्या एकमेकींकडे येण्याचे. केंद्राच्या गतीला आतली कोणतीही बलं हात लावू शकत नाहीत, कारण एकूण संवेग टिकणं आणि केंद्राचा वेग टिकणं ही एकच गोष्ट आहे. म्हणून टक्कर कितीही वाईट झाली तरी २४ ज्यूल सुरक्षित. पणाला लागतात ते फक्त १२. मातीचे समान गोळे समोरासमोर आदळले तेव्हा सगळी ऊर्जा गेली, कारण तिथे केंद्र स्थिरच होतं, राखीव असं काही नव्हतंच. संवेग टिकला पाहिजे ही अटच ठरवते की जास्तीत जास्त किती ऊर्जा गमावता येईल. तुमच्या पहिल्या प्रश्नातल्या दोन राशी एकमेकींशी अशा बांधलेल्या आहेत.

प्रत्यक्षातल्या टक्करी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. त्यासाठी एक गुणोत्तर पुरतं: दूर जाण्याचा सापेक्ष वेग भागिले जवळ येण्याचा सापेक्ष वेग. वरच्या गाड्यांसाठी ते निम्मं असेल तर केंद्राजवळचे वेग उलटून निम्मे होतात, उणे १ आणि अधिक २, म्हणजे जमिनीवरून ३ आणि ६. संवेग पुन्हा १२, ऊर्जा २७. पणाला लागलेल्या १२ पैकी ३ वाचले, कारण वेग निम्मा झाला की ऊर्जा पावपट होते. न्यूटनने दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर सोडून हे गुणोत्तर मोजलं होतं आणि १६८७ च्या आपल्या ग्रंथात आकडे दिले: घट्ट दाबलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी सुमारे ५/९, काचेसाठी सुमारे १५/१६. त्यांचे वर्ग केले तर लोकरीच्या टक्करीत पणाला लागलेल्या ऊर्जेपैकी ३१ टक्के परत येते आणि काचेच्या टक्करीत ८८ टक्के. काचेसारख्या ठिसूळ पदार्थाची उसळी इतकी चांगली असेल असं बऱ्याच जणांना वाटत नाही.

स्थिर वस्तूवरच्या स्थितिस्थापक टक्करीची तीन टोकं पाठ न करता डोळ्यांपुढे आणता यावीत. समान वस्तुमानं असतील तर अदलाबदल. जड वस्तू हलकीवर आदळली तर जड जवळपास तशीच पुढे जाते आणि हलकी जास्तीत जास्त दुप्पट वेगाने उडते. हलकी जडवर आदळली तर भिंतीचा चेंडू. ऊर्जा सर्वांत चांगली दिली जाते ती समान वस्तुमानाला. अणुभट्टीत वेगवान न्यूट्रॉन मंद करायचे असतात तेव्हा हाच विचार असतो. न्यूट्रॉनच्या जवळपास इतकंच वस्तुमान असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांवर सरासरी १८ च्या आसपास टक्करी पुरतात, बारापट जड कार्बनवर शंभराहून जास्त लागतात.

न्यूट्रॉन सापडला तोही टक्करीच्या गणितातून. १९३२ मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ चॅडविककडे एक अदृश्य, विद्युतभार नसलेलं प्रारण होतं. ते हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ३.३ × १०^७ मीटर वेग देत होतं आणि नायट्रोजनच्या अणुकेंद्रांना सुमारे ४.७ × १०^६ मीटर. येणाऱ्या कणाचा वेग माहीत नाही, वस्तुमान माहीत नाही. पण समोरासमोरच्या स्थितिस्थापक टक्करीत स्थिर कणाला मिळणारा वेग हा येणाऱ्या कणाचं वस्तुमान भागिले दोघांच्या वस्तुमानांची बेरीज, याच्या दुप्पट पटीत असतो. हायड्रोजनच्या अणुकेंद्राचं वस्तुमान १ धरलं तर नायट्रोजनचं १४. दोन वेगांचं गुणोत्तर घेतलं की अज्ञात वेग निघून जातो आणि उरतं ते असं: अज्ञात वस्तुमान अधिक १४, भागिले अज्ञात वस्तुमान अधिक १, बरोबर सुमारे ७. सोडवून पाहा, उत्तर १ च्या थोडं वर येतं. चॅडविकला १.१५ मिळालं होतं. प्रोटॉनएवढाच (म्हणजे हायड्रोजनच्या अणुकेंद्राएवढाच), पण भाररहित कण. हे प्रारण म्हणजे गॅमा किरण असावेत हा त्याआधीचा समज ऊर्जा आणि संवेग दोन्ही एकदम सांभाळू शकत नव्हता. शाळेतलं टक्करीचं समीकरण इतक्या लांब पोचतं हे मला दर वेळी शिकवताना आनंद देतं.

अलीकडचं उदाहरण २६ सप्टेंबर २०२२ चं. नासाचं डार्ट नावाचं साधारण ५८० किलोग्रॅमचं यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने डिमॉर्फोस या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. हा लघुग्रह डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारत होता. टक्करीनंतर फेरीचा वेळ अर्ध्या तासाहून जास्त घटला. डिमॉर्फोसचा वेग सेकंदाला सुमारे २.७ मिलिमीटरने बदलला होता. यानाने आणलेल्या संवेगातून हिशेब केला तर बदल मिलिमीटरपेक्षाही कमी यायला हवा होता. मग जादाचा संवेग कुठून आला? इथेही समूहाभोवतीची रेघ आधी ओढा. टक्करीमुळे लघुग्रहावरचे माती-दगड मोठ्या प्रमाणात यान आलं त्याच दिशेने मागे उडाले. त्यांनी उलटा संवेग नेला, म्हणून उरलेल्या लघुग्रहाला पुढे तेवढा जास्त मिळाला. यान, लघुग्रह आणि उडालेला मलबा अशी तिघांची बेरीज केली तर ती आधी होती तितकीच.

तिसरा प्रश्न उरला: कोणतं समीकरण कधी. यासाठी १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्सने वर्णन केलेला गोळीचा लंबक घेतो, कारण इथली चूक लपत नाही. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने टांगलेल्या १.९९ किलोग्रॅमच्या लाकडी ठोकळ्यात घुसते आणि ठोकळा झुलून वर जातो. किती वर? घटना दोन आहेत. गोळी घुसते तो क्षण इतका छोटा की दोरी अजून उभीच आहे, आडव्या दिशेत बाहेरचं बल नाही: इथे संवेग. ४ भागिले २, म्हणजे वेग २. नंतर ठोकळा झुलतो, तेव्हा गुरुत्वाकर्षण संवेग बदलत राहतं पण घर्षण नगण्य आहे: इथे ऊर्जा. उंची येते सुमारे २० सेंटिमीटर. कोणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऊर्जाच टिकवली तर गोळीचे ८०० ज्यूल उंचीत जातात आणि ठोकळा ४० मीटर वर चढतो. त्या ८०० पैकी ७९६ ज्यूल लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात संपले आहेत.

तेव्हा टक्करीच्या क्षणापुरता संवेग, आणि ऊर्जा फक्त तेव्हाच, जेव्हा टक्कर स्थितिस्थापक असल्याचं दिलेलं असतं किंवा तसं मानायला कारण असतं. टक्करीच्या आधी आणि नंतरच्या संथ हालचालींसाठी ऊर्जा बहुधा सोयीची. घर्षण आणि गुरुत्वाकर्षण टक्करीच्या क्षणी का सोडून देता येतं? कारण ती बलं मर्यादित असतात आणि त्या हजारांश सेकंदात त्यांना संवेग बदलायला वेळच मिळत नाही.

पण बाहेरची सगळीच बलं इतकी सौम्य नसतात, आणि वरच्या वर्गांत गेल्यावर इथे पाय घसरतो. दोरीला टांगलेल्या ठोकळ्याऐवजी वरच्या टोकाला बिजागरीत अडकवलेली कडक लाकडी दांडी असेल आणि गोळी दांडीच्या मध्यावर घुसली, तर टक्करीच्या त्याच क्षणी बिजागरीही दांडीला जोराचा आडवा धक्का देते. हे बल टक्करीच्या बलाइतकंच मोठं असू शकतं, म्हणून गोळी आणि दांडी यांचा संवेग तिथे टिकत नाही. बिजागरीचं बल बिजागरीतूनच जात असल्यामुळे त्याचं तिथे आघूर्ण (फिरवण्याचा परिणाम) शून्य असतं, म्हणून अशा वेळी बिजागरीभोवतीचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, धरायचा. त्यावरून दांडीचा फिरण्याचा वेग काढायचा आणि मग वर चढण्यासाठी ऊर्जा.